फी न घेणारा कोच

झुबेदा परकारला फुकट मिळालेल्या गोष्टीचं कधी सुख वाटलं नाही. तिचे वडील बाणकोटचे, जहाजावर खलाशी. दर खेपेला हसत यायचे, सगळ्यांसाठी काही ना काही आणायचे. ती चौदा वर्षांची असताना मोम्बासाहून एक पत्र आलं आणि तिथेही त्यांचं घर आहे, दोन मुलगे आहेत, हे कळलं. तेव्हापासून फार गोड वागणाऱ्या माणसाकडे ती जरा जास्तच निरखून पाहायची.

लग्नानंतर ती दुबईजवळच्या अजमानला आली. नवरा मुनीर जहाजदुरुस्तीच्या यार्डात फोरमन होता. १९९६ साली त्यांची सफा अकरा वर्षांची होती आणि यार्डाच्या स्टाफ क्लबात भिंतीवर तासन्तास टेनिसचा चेंडू मारत बसायची.

एक दिवस जेवताना मुनीर म्हणाला, "आमच्याकडे इंजिनं तपासायला डेन्मार्कचा एक म्हातारा येतो ना, मिस्टर आक्सेल, तो सफाला शिकवायला तयार आहे. तरुणपणी विम्बल्डन खेळलाय म्हणे."

"फी किती?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"अगं, दुबईत कोच तासाला ऐंशी दिरहॅम घेतात. पावणेआठशे रुपये झाले! हा फुकट शिकवतोय, तरी तुझं तोंड वाकडंच."

"म्हणूनच विचारतेय. पासष्टीचा एकटा माणूस, ना बायको ना पोरं, आणि दुसऱ्याच्या मुलीला फुकट शिकवणार. का?"

सफाने हट्ट धरला, तेव्हा झुबेदाने एकच अट घातली: ती स्वतः कोर्टावर बसणार.

आणि ती बसली. आठवड्यातून तीन दिवस, जाळीजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, दोन वर्षं. "मम्मी, यू आर एम्बरॅसिंग मी," सफा कुरकुरायची. झुबेदा हलायची नाही.

आक्सेलच्या वागण्यात तिला काही सापडलं नाही. रॅकेट कशी धरायची हेसुद्धा तो पोरीच्या हाताला हात न लावता, स्वतःच्या रॅकेटवर दाखवायचा. पण बोलणं जुळत नव्हतं. खेळणं का सोडलं, असं क्लबच्या मॅनेजरने विचारलं तेव्हा खांदा निखळला म्हणाला. मुनीरला म्हणाला, शिक्षणासाठी सोडलं. आता झुबेदालाही बघून बघून खेळ कळू लागला होता. निखळलेल्या खांद्याचा माणूस अशी सर्व्हिस करत नाही, हे तिला दिसत होतं. वर्षाअखेरीला क्लबने त्याला बक्षिसाचं पाकीट दिलं, तर तो पांढराफटक पडला. पाकीट न उघडता टेबलावर ठेवून निघून गेला. त्या रात्री तिला झोप आली नाही.

मुनीरचा धाकटा भाऊ यूनुस मालवाहू जहाजावर कुक होता. १९९८ मध्ये त्याचं जहाज कोपनहेगनला जाणार असं कळताच तिने त्याला कागदावर नाव लिहून दिलं. "तिथे एखाद्या टेनिस क्लबात विचार. हा खरंच खेळायचा का, आणि का थांबला."

चार महिन्यांनी टपालाने जुन्या वर्तमानपत्राची झेरॉक्स आली. पांढऱ्या कपड्यांतले दोन तरुण. त्यातला एक आक्सेलच. ते मोठे कान दुसऱ्या कुणाचे नव्हते. सोबत यूनुसची चिठ्ठी होती: "भाबी, आमच्या जहाजावरच्या डॅनिश मेटने वाचून दाखवलं. दोघं देशाकडून डबल्स खेळायचे. विम्बल्डनचंही खरं आहे. पण १९५५ मध्ये दोघांना कायमचं बाहेर काढलं. तेव्हा खेळायचे पैसे घ्यायला बंदी होती, आणि यांनी एका हॉटेलवाल्याकडून पाकीट घेतलं असा आरोप होता."

झुबेदाने मुनीरला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सफा पाणी प्यायला गेल्यावर तिने तो कागद आक्सेलपुढे धरला. कामापुरतं इंग्रजी तिला येत होतं.

"हे खरं?"

त्याने कागद हातात घेतला. "अर्धं खरं. पाकीट मी घेतलं. माझ्या जोडीदाराला, नील्सला, ठाऊकही नव्हतं."

"घरात अडचण होती?"

"नाही. मला मोटारसायकल घ्यायची होती." तो खाली बसला. "चौकशीत मी म्हणालो, मला काही माहीत नाही. नील्स म्हणाला, आक्सेल खोटं बोलत नाही. शेवटपर्यंत तेच म्हणत राहिला. म्हणून त्यालाही काढलं. आमच्यात चांगला खेळाडू तो होता."

"म्हणून तुम्ही फी घेत नाही?"

त्याने मान डोलावली.

तिला हायसं वाटायला हवं होतं. उलट संताप आला. "तो जिवंत आहे?"

"आहे. डेन्मार्कमध्येच, ओडेन्सला राहतो."

"त्याला सांगितलंत?"

"नाही."

"मग मला काय सांगता? खलास. उद्यापासून सफा येणार नाही."

दोन आठवडे सफा धुमसत राहिली, मुनीर कारण विचारून थकला. मग एका शुक्रवारी दुपारी आक्सेल दारात उभा राहिला. आत आला नाही. "मला नील्सचा नंबर मिळालाय. तुम्ही समोर बसलात तर मी फोन करीन. एकट्याने माझ्याच्याने होणार नाही."

झुबेदा मुनीरला सोबत घेऊन क्लबच्या ऑफिसात गेली. आक्सेलने नंबर फिरवला आणि डॅनिशमध्ये बोलू लागला. तिला एक शब्द कळत नव्हता. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि मनात तोच किडा वळवळत होता: पलीकडे खरंच कुणी आहे, की हा नुसता मुका फोन कानाला लावून बसलाय?

तिने हात पुढे केला. "द्या इकडे."

"झुबेदा!" मुनीर ओरडला. पण आक्सेलने निमूटपणे रिसीव्हर दिला.

पलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं. "हॅलो," ती इंग्रजीत म्हणाली, "मी सफाची आई. यांनी तुम्हाला पाकिटाचं सांगितलं का?"

"सांगितलं," एक म्हातारा आवाज म्हणाला. थोडं थांबून त्याने विचारलं, "तो रडतोय का?"

तिने आक्सेलकडे नीट पाहिलं. "नाही."

"बरं," आवाज म्हणाला, आणि फोन बंद झाला.

शनिवारी सफा कोर्टावर गेली. झुबेदाही गेली, पण खुर्ची आता मागे लांब, कुंपणापाशी ठेवली. पुढच्या हिवाळ्यात सफा दुबईतल्या ज्युनियर स्पर्धेत उतरली, दुसऱ्या फेरीत हरली आणि आठवडाभर कुणाशी बोलली नाही. २००१ मध्ये आक्सेल डेन्मार्कला परतला. निरोपाला झुबेदाने सांदणं केली होती. ती त्याने चार खाल्ली.

डिसेंबरात तिच्या नावाने एक कार्ड आलं. खाली दोन सह्या होत्या, आक्सेल आणि नील्स. तिने कार्ड खिडकीशी नेऊन उजेडात धरलं.

"दोन्ही सह्या एकाच पेनाने केल्यात," ती म्हणाली.

"मम्मी, दे वेअर सिटिंग टुगेदर!" सफा म्हणाली.

"असतील," झुबेदा म्हणाली. मग चष्मा लावून दोन्ही सह्यांची वळणं पुन्हा एकदा ताडून पाहू लागली. वेगळी वाटत होती.