साहेब अजून आले नाहीत

माझ्या आईला घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं ते परदेशात, जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात, भर दुपारी.

तशी ती भिणारी बाई नाही. एका प्रसूतिगृहात आया म्हणून तिनं उभी हयात काढली. किंचाळणाऱ्या, डॉक्टरांना शिव्या घालणाऱ्या बायकांच्या उशाशी बसून ती एका सुरात सांगायची, "काही नाही. श्वास घे. हात सैल सोड." घरात पाल निघाली की बाबा खुर्चीवर चढायचे आणि आई केरसुणी उचलायची.

बाबा एका कारखानदाराचे ड्रायव्हर होते. लांबलचक काळी गाडी, मागच्या काचांना पडदे. त्या नोकरीत गाडी चालवणं थोडं आणि वाट बघणं फार. साहेब मीटिंगला गेले, कुणाच्या लग्नाला गेले, की बाबा गाडीच्या मागच्या दाराशी उभे. बाकीचे ड्रायव्हर सावलीत पत्ते खेळायचे, हे मात्र तिथून हलायचे नाहीत. बसायचं नाही हा नियम त्यांना कुणी घालून दिलेला नव्हता. तो त्यांचा स्वतःचाच.

निवृत्तीनंतर दोघं पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला आले होते. आल्यापासून आई त्यांची पाठ सोडत नव्हती. ते अंघोळीला गेले की ही दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी. ते बोलता बोलता अडखळले की ही वाक्य पुरं करून टाकायची. मी चिडवलं, "आई, नवी नवरी बरी तुझ्यापेक्षा."

"परका मुलूख आहे गं," ती म्हणाली. "चुकायचे कुठेतरी."

मला ते पटलं.

प्रदर्शनाची कल्पना माझ्या नवऱ्याची. सासऱ्यांना खूश करायची त्याला भारी हौस. आई म्हणाली, "एवढ्या गर्दीत कशाला? फोटोत बघतील की." पण तोवर बाबांनी बुटांना पॉलिश करून ठेवलं होतं, आणि पॉलिश केलेले बूट त्यांना परत ठेवून द्यायला कोण सांगणार?

बंद पडलेल्या एका विमानतळावर ते प्रदर्शन भरलं होतं. जुन्या धावपट्टीवर नजर पोचेल तिथपर्यंत गाड्यांच्या रांगा. बोनेट उघडी, चाकांच्या तारा चकचकीत, मालक आपापल्या गाडीशेजारी घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले. सगळीकडे पेट्रोलचा आणि तापलेल्या चामड्याचा वास. बाबा प्रत्येक गाडीपाशी थांबत होते, बोट न लावता वाकून बघत होते. ते खुशीत होते. आई त्यांच्या कोपराला धरून चालत होती.

दुपारी तिला बाथरूमला जावं लागलं. किती वेळ तिनं ते टाळलं असेल कुणास ठाऊक. बाबांना एका बाकावर बसवून तिनं जावयाला बजावलं, "यांच्यापाशीच थांबा हं. हलू नका." मी तिच्याबरोबर गेले. बायकांची रांग ही एवढी. आम्ही परत आलो तर बाक रिकामा, आणि माझा नवरा हातात पाण्याची बाटली घेऊन चारी दिशांना बघत उभा.

"त्यांनीच पाणी मागितलं," तो म्हणाला. "समोरच्या स्टॉलवर तर गेलो होतो."

"असतील इथंच गाड्या बघत," मी म्हणाले. "लहान का आहेत?"

आईनं माझं मनगट घट्ट धरलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"त्यांना परत येता यायचं नाही," ती म्हणाली. "अगं, घरीसुद्धा येता येत नाही. मागे दूध आणायला गेले ते पोलिसांनी आणून सोडले. आपण कुठं राहतो ते सांगता येईना त्यांना."

"कधीची गोष्ट?"

"वर्ष झालं असेल. त्याच्या आधीपासून चाललंय."

"आणि तू बोलली नाहीस?"

"काय बोलू? लोक वेडा म्हणतील त्यांना. आधी शोध."

आम्ही शोधत सुटलो. नवरा एकीकडे, आम्ही दोघी दुसरीकडे. हजारो माणसं, त्यातले अर्धे पांढऱ्या केसांचे म्हातारे. दर वेळी पाठमोरं कुणी दिसलं की आई धावायची, तो वळला की तिथंच थिजायची. सुरक्षारक्षकानं विचारलं, अंगात काय होतं? मी आईकडे बघितलं. सकाळी तिनंच त्यांना कपडे घातले होते, आणि तिला रंग आठवेना. "शर्ट... शर्टच होता ना गं?" ती म्हणाली आणि तोंडावर पदर घेतला. मी फोनमधला फोटो दाखवला. रक्षकानं लाउडस्पीकरवरून बाबांचं नाव पुकारायला लावलं. ज्या भाषेत पुकारलं ती बाबांना येत नव्हती, आणि स्वतःचं नावही त्या उच्चारात त्यांनी ओळखलं नसतं.

तेवढ्यात गाड्यांची मिरवणूक सुरू झाली. एकामागून एक इंजिनं धडधडायला लागली, भोंगे वाजले, धुराचे लोट उठले. लोक टाळ्या वाजवत होते. आई कडेला बांधलेल्या दोरीला लागून प्रत्येक गाडीच्या चाकाखाली बघत होती. मीसुद्धा बघायला लागले.

शेवटी नवऱ्याचा फोन आला. "सापडले. पण माझ्याबरोबर येत नाहीत."

धावपट्टीच्या पार टोकाला एक काळी, लांबलचक गाडी उभी होती. मागच्या दाराशी बाबा ताठ उभे, हात मागे बांधलेले. गाडीची मालकीण, एक थोराड म्हातारी, खुर्चीत बसून सँडविच खात होती. ती हसून म्हणाली, "आयोजकांनी पाठवलेला माणूस वाटला मला. मघापासून उभा आहे. दार पुसून दिलं त्यानं. खुर्ची दिली तर बसत नाही."

आई जवळ गेली. "अहो," तिनं हाक मारली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान अदबीनं खाली घातली. "बाई, साहेब अजून आले नाहीत," ते म्हणाले. "आत गेलेत. येतीलच आता."

ज्या बायकोला त्यांनी आयुष्यभर 'अगं ए' म्हटलं, तिला ते 'बाई' म्हणत होते. मालकिणीला म्हणायचे तसं. आई दोन पावलं मागे सरली. मला वाटलं, ही आता खाली बसणार. पण तिनं पदर सारखा केला.

"साहेब दुसऱ्या गाडीनं गेले," ती म्हणाली. "तुम्हाला घरी जायला सांगितलंय. चला."

"बाईंना सोडतो की मग," बाबा म्हणाले आणि निमूट निघाले. आमच्या गाडीपाशी पोचताच त्यांनी नवऱ्यापुढे हात केला. "चावी द्या." नवऱ्याला वाटलं, धरायला मागताहेत. त्यानं दिली. आई "नको, नको" म्हणेपर्यंत बाबा दार उघडून चाकामागं बसले होते आणि इंजिन सुरू झालं होतं.

समोरून माणसं चालली होती. एक बाई बाबागाडी ढकलत अगदी बोनेटपुढून जात होती. नवरा काचेवर थापा मारायला लागला, त्यानं बाबा आणखीच बिचकले. आई दुसऱ्या बाजूनं आत शिरली. बाबांचा डावा हात गिअर शोधत होता आणि दारावर आपटत होता. इथं स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजवीकडे. त्यांनी पुन्हा हात टाकला, पुन्हा दार. मग ते पायाकडे बघायला लागले. तिथं क्लच नव्हता.

"काही नाही," आई म्हणाली. तिचा तो जुना सूर होता, पण घशातून ओढून काढल्यासारखा. "श्वास घ्या. हात सैल सोडा. सोडा हात."

त्यांनी हात सोडले. तिनं हळूच चावी फिरवली. इंजिन बंद पडलं.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. या खेपेला त्यांनी तिला ओळखलं होतं, आणि तेच जास्त भयंकर होतं, कारण त्यांचा चेहरा लहान पोरासारखा भेदरलेला होता. "अगं," ते म्हणाले, "मला गाडी चालवता येत नाही."

"ही गाडीच वेगळी आहे," आई म्हणाली.

"नाही गं," बाबा म्हणाले. "मला येत नाही."

घरी येताना मी मागच्या सीटवर त्यांच्याशेजारी बसले. आई पुढं बसली आणि पहिल्या वळणावरच गाढ झोपली. वर्षभरात ती धड झोपली नव्हती, हे तिनं नंतर सांगितलं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. बरा होणार नाही, हेही सांगितलं. मी आईबाबांना परत त्यांच्या घरी पोचवायला गेले आणि आईचा विरोध न जुमानता शेजाऱ्यांना, वाण्याला, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला सगळं सांगितलं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी इस्त्रीवाला बाबांना हाताला धरून घरी घेऊन आला. ते चप्पल न घालता निघाले होते. आईनं त्याला चहा दिला आणि मग माझ्याशी बोलली.

आता बाबा तिला बहुतेक वेळा बाईच म्हणतात. परवा फोनवर मी विचारलं, "अजून भीती वाटते?"

"रोज वाटते," ती म्हणाली. "पण आता इस्त्रीवालाही घाबरतो, वाणीही घाबरतो. वरच्या मजल्यावरची शेजारीण तर माझ्याहून जास्त घाबरते." मग मागून बाबांची 'बाई, निघायचं ना?' अशी हाक आली आणि तिचा आवाज फोनपासून लांब गेला. "आले, आले. दार मी उघडते."