गोल बटण

मुलाच्या नव्या गाडीतल्या स्टिरिओला बटणच नाही, नुसती काच. बोटाला सगळीकडे सारखीच गुळगुळीत. घाटात आवाज कमी करायला गेलो, तर दोनदा खाली बघावं लागलं आणि गाडी कठड्याकडे सरकली.

"सवय होईल, बाबा," शेजारी बसलेला मुलगा म्हणाला.

मी चिडलो. "आपल्या जुन्या गाडीचं गोल बटण आठव! वीस वर्षांत एकदाही रस्त्यावरून नजर हटली नाही माझी."

मग मलाच आठवलं. वळण आलं की त्याची आई "तुम्ही समोर बघा हो," म्हणत आवाज कमी करायची, घाट संपला की पुन्हा वाढवायची. ती गेल्यावर त्या गाडीत मी गाणी लावलीच नाहीत.

ते बटण हाताला कसं लागायचं, मला ठाऊकच नाही.