निऑनला उठवायला गेलेली पान्हाताई

भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं नोकरी केलेल्या त्या बाईंना सगळं कॉलेज पान्हाताई म्हणे. अॅप्रनच्या खिशात कायम पान्हा, आणि बिघडलेलं यंत्र दिसलं की डोळ्यांत चमक.

परीक्षेला नऊ दिवस उरले असताना जुना लेसर रुसला. बटण दाबलं की काचेच्या नळीत गुलाबी उजेड पसरे, पण भिंतीवर लाल ठिपका काही उमटेना.

"भंगारात टाका," विभागप्रमुख म्हणाले. "नवा मागवू."

"नवा येईपर्यंत पोरं पास होऊन नातवंडं खेळवतील, सर."

ताईंनी आरसे पुसले, वीज तपासली. सगळं ठणठणीत. मग त्यांच्या लक्षात आलं: नळीत हेलियम आणि निऑन असे दोन वायू असतात, त्यातला हेलियम उडाला होता. त्याचे अणू इतके बारीक, की वर्षानुवर्षं काचेतूनसुद्धा झिरपत राहतात. म्हणजे बाहेर हेलियम भरपूर ठेवला, तर तो आतही झिरपेल.

हेलियम गावात एकीकडेच होता, फुगेवाल्या नणंदेकडे. आणि नणंदेशी दोन वर्षं अबोला. "हवा विकून पोट भरतेस," असं ताई एकदा पंगतीत बोलून गेल्या होत्या.

"अडला हरी," घरी नवरा हसला. "जा, धर पाय."

ताई लेसरची नळी घेऊन दुकानात गेल्या. नणंद काउंटरवर रिबिनी कापत होती, मान वर केली नाही.

"वन्सं, चुकले मी तेव्हा. जीभ घसरली."

"दोन वर्षांनी कळलं होय, वहिनी?"

"कळलं तेव्हाच होतं. यायला लाज वाटत होती."

नणंदेनं कात्री खाली ठेवली. "काय हवंय ते बोल."

ताईंनी सगळं सांगितलं. नळी जाड पिशवीत ठेवून नणंदेनं हेलियम भरला, तोंड आवळलं. रोज सकाळी ती पिशवी पुन्हा फुगवी आणि प्रश्न विचारी.

"वीज निऑनलाच का नाही धक्का मारत? मध्ये हा हेलियम दलाल कशाला?"

"मारते, पण ऊर्जेच्या हव्या त्या पायरीवर निऑनचे फार थोडे अणू चढतात. हेलियमचं तसं नाही. इलेक्ट्रॉन येऊन आदळला की तो उत्तेजित होतो, आणि मिळालेली ऊर्जा त्याला सहज टाकता येत नाही. तसाच भरल्या हातानं फिरतो. मग निऑनला धडकला की सगळी त्याच्या पदरात. निऑनला लागतेही जवळजवळ तेवढीच."

"आणि निऑन?"

"तो एक पायरी उतरतो, लाल उजेड सोडतो. तो उजेड दोन आरशांमध्ये येरझाऱ्या घालतो आणि वाटेतल्या उत्तेजित निऑनकडून तस्साच उजेड काढून घेतो."

"म्हणजे एक गायला लागला की सगळे त्याच सुरात," नणंद म्हणाली. ताई बघतच राहिल्या. विभागप्रमुखांना वर्गात हेच समजवायला अर्धा तास लागायचा.

पाचव्या दिवशी नळी बाहेर काढून जोडली, काही नाही. सातव्या दिवशी ठिपका लुकलुकला, विझला. आठव्या दिवशी दोघी मिळूनच प्रयोगशाळेत गेल्या. ताईंनी बटण दाबलं. समोरच्या भिंतीवर लाल ठिपका ठळक उमटला, हलेना की डुलेना.

"अगंबाई!" नणंदेनं वहिनीचा दंड घट्ट पकडला. विभागप्रमुख धावत आले आणि दुरुस्ती कोणी केली म्हणून विचारू लागले.

"या आमच्या वन्सं," ताई म्हणाल्या. "गॅस यांचा."

परीक्षा सुरळीत पार पडली. पुढच्या रविवारी नणंदेकडे मोठी ऑर्डर होती. ताईंनी तीनशे फुग्यांना गाठी मारल्या, आणि सोमवारी कॉलेजात त्यांना पेन धरवेना.