बाभळीचं दातवण आणि माझी एमएस्सी

माझे सासरे म्हणजे टूथपेस्टचे जानी दुश्मन. सातपूरच्या कारखान्यातून रिटायर झाले तरी रोज सकाळी बाभळीची काडी चावत अंगणात फिरायचे, आणि सत्तरीतही सगळे दात शाबूत आहेत हे भेटेल त्याला दाखवायचे. लग्नानंतर मी एमएस्सी करावी, हे त्यांनीच लावून धरलं. झाडांच्या अर्कानं जंतू मरतात का, हा माझा प्रोजेक्ट ठरला मात्र, सासरे बागेतल्या बाकावर मित्रांना सांगून मोकळे, "आमची सून बाभळीला पास करून आणणार!"

आता आली का पंचाईत! काचेच्या बशीत जंतू वाढवायचे, मधे अर्क घालायचा. जंतू मेले तर भोवती स्वच्छ गोल उमटतो. माझ्या बाभळीच्या काढ्याभोवती गोलाचा पत्ताच नाही.

"तू उकळून मारलीस तिला," मामा म्हणाले. सासऱ्यांना मी मामाच म्हणते. "मी चावतो तशी ने."

कॉलेजातल्या मॅडम हसल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत. चावलेली काडी डबीतून नेली. दुसऱ्या दिवशी बशीभर जंतूंचे पांढरे-पिवळे ठिपकेच ठिपके! घरी येऊन मोबाइलवर फोटो दाखवला.

"हे बाभळीवर हाय?"

"नाही मामा, तुमच्या तोंडातलं आहे. सगळ्यांच्याच तोंडात असतं."

सासूबाई तोंडाला पदर लावून जे हसत सुटल्या! "आणि मला म्हणायचे, तुझी पेस्ट म्हणजे नुसता फेस!"

मामांचं मात्र त्या दिवसापासून बागेत जाणंच बंद. बाकावर काय तोंड दाखवणार? मला फार वाईट वाटलं. तसा तोच काढा एका जांभळ्या द्रावणात घातला की ते पिवळं पडायचं, म्हणजे अँटिऑक्सिडंट भरपूर. तेवढंच सांगा आणि वेळ मारून न्या, असं मी सुचवलं.

"त्यानं दात टिकत्यात?"

"ते नाही सांगता येणार."

"मग मी कसं सांगू?"

परीक्षेत मी जसं घडलं तसंच मांडलं. निकाल लागला, घरी फोन केला. बसमधून उतरले तर मामा बाकावर! त्यांचा एक मित्र डिवचत होता, "काय हो, झाली का बाभूळ पास?"

"नापास. लय वाईट नापास," मामा म्हणाले. "सासऱ्याची भीड न धरता पोरीनं खरं ते लिहिलं. सून पास झाली माझी. घ्या, पेढा घ्या."