व्यंकटची पाटी मी वाचली नाही

फ्रेम माझ्या हातची. जुन्या तीन सायकलींच्या नळ्या कापून, पितळ वेल्डिंगनं जोडलेली.

पुढच्या चाकाचा चिमटा माझ्या हातचा. हँडलबार, कॅरिअर, बाटल्यांचे तीन स्टँड, सगळं माझ्या हातचं.

बॅगा ट्रकच्या ताडपत्रीच्या. दाभणानं, दुहेरी दोऱ्यानं शिवलेल्या.

चाकं, टायर, चेन आणि ब्रेक विकतचे. तेही सांगितलं पाहिजे.

या सायकलवर मी तीनशे दहा किलोमीटर गेलो. आणि ज्याच्यापुढं थांबायला पाहिजे होतं, त्याच्यापुढं थांबलो नाही.

तो काल गेला.

व्यंकट. माकणी फाट्यावर त्याचं चहाचं हॉटेल. आठवीपर्यंत आम्ही एका बाकावर. पुढं त्यानं दहावी केली, मी शाळा सोडली. मला वेल्डिंगचा व सुद्धा येत नव्हता तेव्हापासून तो मला मिस्त्री म्हणायचा.

हार्ट अटॅक. दवाखान्यापर्यंत न्यायलाही वेळ मिळाला नाही.

काल मातीला जाऊन आलो.

गेल्या जानेवारीत आपल्या जिल्ह्यात ग्रॅव्हल राइड झाली, हे माझ्या बऱ्याच मित्रांना माहीत आहे. नळदुर्गहून वाशी, तिथून फिरून माकणी, आणि परत नळदुर्ग. जमेल तिथं डांबर टाळायचं. मुरमाचे रस्ते, कॅनॉलची कडा, पाणंदी. मुदत तीस तास.

सेल्फ-सपोर्टेड. म्हणजे मागं गाडी नाही, मदतीला माणूस नाही. पंक्चर आपलं आपण काढायचं.

नियमांची तीन पानं होती, इंग्रजीत. मी हायवेला ट्रकचे फाळके बनवणारा माणूस. डिक्शनरी घेऊन बसलो आणि तिन्ही पानं पाठ केली.

मग व्यंकटच्या हॉटेलात बसून त्याला तासभर समजावून सांगितली. त्यानं विचारलं नव्हतं.

नियम क्रमांक चार: ओळखीच्या माणसानं थांबून पाण्याचा घोट दिला तरी बाद. पण दुकान उघडं आहे, सगळ्यांना मिळतंय, आपण पैसे दिले, तर चालतं.

तो कप विसळत ऐकत होता.

"म्हंजे म्या तुला चहा पाजला तर तू बाद?"

"बाद."

"आन पैसे घेतले तर?"

मी हसलो. "तू माझ्याकडून कधी पैसे घेतलास रे?"

त्यानं पुढचा कप घेतला.

राइडचा दुसरा दिवस, सकाळी सव्वासात. दोनशे अडुसष्ट किलोमीटर झाले होते. तिन्ही बाटल्या रिकाम्या. हात बधिर, ब्रेक दाबतोय की नाही तेही कळत नव्हतं.

फाट्यावर व्यंकट उभा. रस्त्याच्या मधोमध. हातात ताट.

रविवार होता. रविवारी त्याचं हॉटेल बंद असतं. म्हणजे हा खास माझ्यासाठी आलाय, हे माझ्या लगेच लक्षात आलं. नियम क्रमांक चार.

बाजूला बांबूला एक पुठ्ठा बांधला होता. पुठ्ठा दिसला. त्यावर काय लिहिलंय ते मी पाहिलं नाही.

"मिस्त्री, थांब की. पाटी तर वाच."

"नियम हाय, व्यंकट."

सायकल त्याच्या डावीकडून काढली. तो मागून काहीतरी म्हणाला. मी वळून बघितलं नाही. बारा किलोमीटर पुढं हँडपंप होता, तिथं पाणी प्यालो. फार अभिमान वाटला होता तेव्हा.

अठ्ठावीस तास पन्नास मिनिटांत पोचलो. याच प्रोफाइलवर फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं, "कुणाचीही मदत न घेता."

पहिला लाइक व्यंकटचा होता.

त्यानंतर दोन-तीनदा फाट्यावर गेलो. त्यानं विषय काढला नाही. मीही काढला नाही. मला वाटलं, गडी रागावलाय, निवळेल.

काल मातीवरून आल्यावर राइडच्या ग्रुपवर बातमी टाकली. पाच मिनिटांत पुण्याच्या एका मॅडमनी फोटो टाकला. राइडमध्ये त्या माझ्या पुढं होत्या.

फोटोत तोच पुठ्ठा. व्यंकटचं अक्षर.

"सर्व सायकलवाल्यांसाठी चालू.
पिठलं-भाकरी ३० रुपये. चहा १० रुपये.
ओळखीच्याला फुकट नाही."

मॅडमनी लिहिलं होतं, काका पहाटेपासून हॉटेल उघडून बसले होते. सगळ्यांकडून मोजून पैसे घेतले. आणि येईल त्याला विचारत होते, आमचा मिस्त्री कुठवर आलाय?

माझ्या आधी आठ जण तिथं जेवून गेले होते. एकही बाद झाला नाही.

नियम मला पाठ होता. पाळला त्यानं.

मी तो फोटो मोठा करून करून बघतोय. "ओळखीच्याला" हा शब्द त्यानं दोनदा गिरवलाय.

व्यंकट, तुला श्रद्धांजली लिहायला बसलो होतो. पण त्याआधी हे लिहावं लागतंय, कारण हे फक्त तुला आणि मला माहीत होतं. आता एकट्या मला.

मार्चमध्ये तू फोन केला होतास. म्हणालास, तसलीच एक सायकल मला बनवून दे, पुढच्या जानेवारीत मी पण येतो.

"म्या तुला काय देणार न्हाय, तू मला काय देऊ नको. नुसतं संगं जाऊ."

मी म्हणालो, मी विकायला बनवत नाही. आणि तुझ्यानं होणार नाही.

तू म्हणालास, फुकट कोण मागतंय, आणि आकडा सांगितलास. हॉटेलला नवीन पत्रे टाकायला ठेवलेले पैसे होते ते.

मी नाही म्हणालो.

पस्तीस हजार.