रेडिएटरचा कौल

देवीला असला प्रश्न विचारावा का, हीच शंका आधी मनात आली. लग्न, आजारपण, विहिरीची जागा यांसाठी आमच्या चामटोलीत गावदेवीला कौल लावतात, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. पण वॉरंटी संपायच्या आत ट्रकचा रेडिएटर बदलावा की नाही, हे तिला कोण विचारतं?

आमच्या घरातली पहिली पदवी माझी, म्हणून बाबांच्या ट्रकचे सगळे कागद माझ्याकडे असतात. वॉरंटी शुक्रवारी संपतेय, हेही मीच वाचून सांगितलं होतं. महिनाभर चढ लागला की इंजिन तापायचं, काटा लालकडे सरकायचा आणि दर सकाळी कूलंट बोटभर कमी झालेलं असायचं. अंबरनाथच्या वर्कशॉपमध्ये दोनदा तपासलं, गळती सापडली नाही. तिथले साहेब म्हणाले, "दोष दिसल्याशिवाय बदलून मिळत नाही. गाडी सोडून जा, कंपनीचा माणूस येऊन बघेल. आठ-दहा दिवस धरा." तेवढे दिवस ट्रक उभा राहिला तर कारखान्याची रोजची फेरी दुसऱ्याकडे जाणार, आणि ती परत मिळेलच असं नाही. न सोडावा, तर वॉरंटी संपल्यावर एखाद्या दिवशी बाबा भरल्या गाडीसकट घाटात अडकणार. उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या ओळखीच्या सिंधी मिस्त्रींना विचारलं, तर ते हसले. "बेटा, गाडी चल रही है ना? तो उसको क्यों छेड़ना?"

शेवटी बाबा म्हणाले, "बाय, तुला कळत नाय, मना बी कळत नाय. जिला कळतं तिला इचारू."

"तिला रेडिएटर कळतो?"

"तुझी बारावीची मार्कं कळली व्हती का तिला? तवा बरी नारळ घेऊन गेलीस!"



मंगळवारी सकाळी बाबा अंबरनाथला माल उतरवून आले आणि ट्रक थेट देवळापुढेच उभा केला. मी ऑफिसला उशिरा येते म्हणून कळवलं होतं. गुरवांनी देवीच्या पाषाणाला पाण्याने दोन पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर गाडी वर्कशॉपला सोडायची, डावी पडली तर चालवत राहायची. आम्ही हात जोडून बसलो. एकही पडेना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी सारखी फोनमध्ये वेळ बघत होते. गुरव म्हणाले, "घाई नका करू, देवी विचार करतेय." मग मी फोन पालथा ठेवला आणि पाकळ्यांकडेच बघत बसले. पाणी कुठून आधी सुकेल, कोणती कड आधी सुटेल, असलं काहीबाही मनात येत होतं. किती दिवसांनी मी अशी नुसती बसले होते!

अर्धा तास तरी गेला असेल. एवढ्यात बाहेरून आरडाओरडा ऐकू आला. देवळाचं अंगण झाडणाऱ्या मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "कोनाचा ह्यो डबडा? माझी रांगोळी नासवली!"

ट्रकचं तोंड त्यांच्या रांगोळीवर आलं होतं. पांढऱ्या कमळाची एक पाकळी हिरवी झाली होती. आम्ही बघत असतानाच वरून आणखी एक हिरवा थेंब पडला. कूलंटचा. बाबा तिथेच उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, "बाय, फोटो काढ."

रस्त्यावर गाडी धावताना थेंब वाऱ्यात सुकत असणार. वर्कशॉपमध्ये नंबर लागेपर्यंत गाडी थंड व्हायची. घरी ती मातीत उभी असते, तिथे थेंब कुणाला दिसणार? तापलेली गाडी बंद करून, पांढऱ्या रांगोळीवर, अर्धा तास आम्ही कधी उभीच केली नव्हती.

निघण्याआधी मी आत डोकावले. दोन्ही पाकळ्या होत्या तिथेच होत्या. गुरव म्हणाले, "कौल झाला नाही. उद्या या."

बाबांनी हात जोडले. "झाला, भाऊ."

फोटो पाहून वर्कशॉपवाल्यांनी गाडी तापवली, बंद केली आणि या वेळी तेही थांबले. सांध्यावर केसाएवढी चीर निघाली. वॉरंटीत रेडिएटर बदलून मिळाला. दोन दिवस फेरी चुकली, पण गेली नाही.

हा चमत्कार होता का, मला सांगता येत नाही. एवढं मात्र कळतं, की पाकळी लगेच पडली असती, उजवी काय आणि डावी काय, तर आम्ही पाच मिनिटांत निघालो असतो आणि तो थेंब रस्त्यावर कुठेतरी पडला असता. मी हो की नाही एवढंच विचारायला गेले होते, तेही फोनकडे बघत. देवीने दोन्हींतलं काहीच दिलं नाही. बसवून ठेवलं. आपण आपला प्रश्न तिच्यापुढे ठेवतो, पण तो खरंच हातातून सोडतो का, असं तेव्हापासून मी स्वतःला विचारते.

आता दर मंगळवारी मावशी लांबूनच ओरडतात, "ए डायवर, तिकडं लाव तुझा डबडा!" बाबा निमूट गाडी कडेला घेतात. मी मावशींना रांगोळीचा पुडा देते आणि आत जाते. विचारायला काही नसतं. तरी अर्धा तास बसते.