गळ्यातली कातर

१९९६च्या मार्चमधला एक मंगळवार, दुपार. पोलीस चौकीपासून सुरतेच्या लिंबायतमधल्या आमच्या चाळीपर्यंत रिक्षाचे बारा रुपये झाले, ते मी दिले. रिक्षात आम्ही तिघे होतो: जमादार, एक शिपाई आणि मी. माझ्या धाकट्या भावाला धरून न्यायला मीच त्यांना घेऊन आलो होतो.

भाऊ कापड विणायच्या लूमवर कारागीर. चार रात्री झोपला नव्हता. पाण्यात विष आहे म्हणून तीन दिवस चाळीच्या एकुलत्या नळाला पाठ लावून बसत होता. पाणी पाऊण तासच यायचं. अकरा घरांच्या बादल्या रिकाम्या परत जायच्या. तो कोणाला मारत नव्हता, शिवीही देत नव्हता. हात जोडून म्हणायचा, "माय, पिऊ नको."

शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "काय हो, तुमचा भाऊ नगरपालिकेचा मालक कधी झाला? आम्हाला पेढेसुद्धा नाहीत!" सगळे हसले. मीही हसलो आणि तडक चौकीवर गेलो.

मी मिलमध्ये टाइमकीपर. कोणी सात मिनिटं उशिरा आला तर सातच लिहायचो. पाच नाही, दहा नाही.

जमादाराने विचारलं, "किसी को मारा?"

"नहीं."

"तो घर जाओ. डॉक्टर को दिखाओ." तो पुन्हा कागदांत शिरला. मी तिथेच उभा राहिलो, तेव्हा त्याने मान वर न करता विचारलं, "हथियार है उसके पास?"

लूमवरच्या कारागिराच्या गळ्यात सुताला बांधलेली बोटभर कातर असते, धागा कापायला. भाऊ ती आंघोळीपुरतीच उतरवायचा. मला हे पक्कं ठाऊक होतं. मी म्हटलं, "हाँ, है."

जमादाराने काठी घेतली.

नळापाशी शिपायाने दरडावल्यावर भाऊ उभा राहिला. लूमचा शेठ ओरडला की तो गळ्यातली कातर मुठीत धरायचा, तशीच धरली. काठी आधी मनगटावर बसली, मग अंगठ्यावर. त्याला पालथा पाडून पाठीवर गुडघा दिला, हात मागे पिरगळले.

"दादा, यासले सांग ना, मना हात मोडी जाई!"

ती धागा कापायची कातर आहे, एवढंच मला सांगायचं होतं. सांगितलं असतं तर चौकीत मी काय बोललो ते चाळीसमोर उघडं पडलं असतं. मी बादल्यांच्या रांगेत उभा राहिलो.

पुढे एका वकिलाने समजावलं, की अशा माणसाला ताब्यात घेऊन कोर्टापुढे न्यायचा अधिकार पोलिसांना आहे, पण तो त्याला सांभाळून नेण्यासाठी. मी तक्रारीचं विचारलं. ते म्हणाले, "हत्यार आहे असं तुम्हीच सांगितलंत ना?"

औषधांनी भाऊ दोन महिन्यांत ताळ्यावर आला. अंगठा मात्र वाकडा जुळला. मला त्याने कधी जाब विचारला नाही. एकदाच म्हणाला, "दादा, मनी कातर आणी दे."

चौकीत ती सापडली नाही. मग त्याला घेऊन लूमच्या सामानाच्या दुकानात गेलो. त्याने नवी कातर उजव्या हाताने दोनदा दाबून पाहिली. पाती मिटली नाहीत. दुकानदार म्हणाला, "दुसरी दाखवू? ही कडक असेल."

"नको, हीच दे," भाऊ म्हणाला आणि ती डाव्या हातात घेतली.

दुकानदाराला मी अठरा रुपये दिले.